साडेनऊ गुणांची फ्लॉपी

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितो आहे, कारण बत्तीस वर्षं आमच्या घरात तिचा जन्म संध्याकाळी सहा चाळीसचा मानला गेला. ते बारा तास मी पुढे ढकलले. कॉम्प्युटरवर, एका बोटाने, चहा पिता पिता.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम करायचो. कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि जुन्यातला एक माझ्या घरी आला. आमच्या कॉलनीतला तो पहिलाच. लोक लहान मुलांना घेऊन बघायला यायचे. बघून झालं की विचारायचे, "हा करतो काय?" मला उत्तर देता यायचं नाही. मग एका ओळखीच्या माणसाने मला पत्रिका जुळवण्याचा प्रोग्राम दिला, आणि उत्तर मिळालं. मुलाची आणि मुलीची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की छत्तीसपैकी किती गुण जुळले ते तो सांगायचा. अठराच्या वर गेलं की लोक पेढे आणायचे, खाली राहिलं की कॉम्प्युटरकडे रागाने बघून निघून जायचे.

हे सगळं मोठ्या फ्लॉपीवर साठवलेलं असायचं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उडदाच्या पापडाएवढी, पण चौकोनी. काळी, पातळ आणि जराशी वाकणारी. कॉम्प्युटरच्या तोंडाशी एक आडवी फट असायची, तिच्यात ती सरकवायची आणि वरून खिट्टी फिरवायची. मग आतून अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा.

बहिणीला गंगापूरकडचं स्थळ आलं. घरचा ऊस होता आणि मुलगा सरकारी कचेरीत कारकून होता. बहिणीला विचारलं, कसा वाटला? ती म्हणाली, "बरा आहे. हसतो चांगला." आमच्या घरात याहून मोठा होकार कुणी कधी दिलेला नाही. पण वडिलांचं सगळं पत्रिकेवर. याआधीची दोन स्थळं त्यांनी पत्रिकेवरूनच परत पाठवली होती. मी आईला विचारून बहिणीची जन्मवेळ टाकली, सकाळी सहा चाळीस. उत्तर आलं साडेनऊ.

छत्तीसपैकी साडेनऊ. इतके कमी गुण मी त्या प्रोग्राममध्ये पाहिले नव्हते. मला वाटलं, बिघाडच असेल. परत टाकून पाहिलं. साडेनऊ.

मग मी सकाळच्या जागी संध्याकाळ केली. एकतीस.

मी ते छापून वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "जन्मवेळ सायंकाळी सहा चाळीस." स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "संध्याकाळी? अहो, ही सकाळी झाली. कोंबडं आरवत होतं."

"कॉम्प्युटरने काढलंय हे."

"पण बाळंत मी झाले होते!"

"तू त्या वेळी शुद्धीत होतीस का? कॉम्प्युटर पूर्ण शुद्धीत आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. वडिलांनी जुनी हाताने लिहिलेली पत्रिका "चुकीची निघाली" म्हणून कायगावला गोदावरीत सोडून दिली. आई पुढे काही वर्षं वाद घालत राहिली, मग कमी कमी करत गेली, आणि शेवटी तर म्हणायला लागली, "असेल बाई संध्याकाळच. दिवेलागणीचं काहीतरी आठवतं खरं." तिला दिवेलागणीचं काहीच आठवत नव्हतं. त्या आठवणीला दिवा मी लावला होता. आई गेली ती संध्याकाळ मानूनच गेली.

मी हे बहिणीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. माझं लग्न ठरलेलं होतं, आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं की आधी मुलीचं, मग मुलाचं. माझी होणारी बायको पैठण गेटजवळ टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची. ती मला म्हणाली होती, "दिवाळीपर्यंत थांबते. नंतर आमचे बाबा पाचोडचं स्थळ बघणार आहेत. त्यांची मोसंबीची बाग आहे." पुढच्या भेटीत तिने पिशवीतून दोन मोसंब्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. मी त्या मोसंब्यांकडे पाहिलं आणि घरी येऊन बहिणीचा जन्म संध्याकाळी केला.

एवढ्यावर सगळं मिटलंही असतं. पण बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, एकतीस हा आकडा धरून ठेवला. कुठलंही लग्न असो, पंगतीत शेजारी बसलेल्याला ते विचारायचे, "तुमचे किती?" समोरचा बावीस-तेवीस म्हणाला की दाजी हळूच म्हणायचे, "आमचे एकतीस." लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावातल्या चौकात त्यांच्या मित्रांनी फलक लावला होता: "एकतीस गुणी जोडप्यास हार्दिक शुभेच्छा." त्यावर दाजींचा मोठा फोटो होता आणि बहिणीचा पासपोर्टएवढा.

आणि मग यंदा माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याकडे आली. ती शहरातच नोकरी करते. तिने आपल्याबरोबर काम करणारा एक मुलगा पसंत केला होता. दाजींना मुलगा पसंत, घर पसंत, पण दाजींनी मोबाइलवर पत्रिका जुळवून पाहिली आणि साडेअकरा गुण आले.

"बाबा म्हणतात, एकतीसच्या घरातली मुलगी साडेअकराच्या घरात देणार नाही," ती म्हणाली. "मामा, त्याची दिल्लीकडे बदली झालीय. त्याच्या घरच्यांना येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय. बाबा नाही म्हणणार. तुम्ही काहीतरी करा."

लग्नात मामाने भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. ही तर आधीच उभं राहा म्हणत होती. आणि ती ज्या एकतिसावर अडली होती, तो मीच घरात आणून बसवला होता. मी तिथल्या तिथं दाजींना फोन लावला.

"दाजी, तुमचे एकतीस नव्हते."

"मग? बत्तीस?"

"साडेनऊ."

फोनमध्ये बराच वेळ हसणं ऐकू आलं. "मेव्हणे, पोरीनं पढवलं व्हय तुम्हाला? पण लई खाली आणलं. पंधरा म्हणाला असता तर मी विचार तरी केला असता."

"खरं सांगतोय. वेळ मी बदलली होती. ती सकाळची आहे."

"कागद आहे का?"

"कागद नाही."

"मग नाय."

दाजी तीस वर्षं कारकून होते. कागद पाहिल्याशिवाय ते ढगात पाणी आहे हेसुद्धा मानत नाहीत. कागद गोदावरीत होता. आई नव्हती. फ्लॉपी मात्र होती, निदान असायला हवी होती. दोन्ही जुळण्या मी साठवल्या होत्या, हे मला पक्कं आठवत होतं, कारण कारखान्याच्या सवयीने मी बिघडलेला भागही कधी टाकत नसे.

फ्लॉपी बायकोच्या ट्रंकेत सापडली. पैठणीच्या घडीत. माझ्या सगळ्या फ्लॉप्या तिने साड्यांच्या घड्यांमध्ये घातल्या होत्या.

"काय चांगल्या आहेत," ती म्हणाली. "पातळ, कडक. साडीला सुरकुती पडत नाही. ती काढलीत तर त्या जागी काय घालू?"

फ्लॉपी अंधारात, कोरड्यात, डांबरगोळ्यांच्या वासात बत्तीस वर्षं नीट राहिली होती. मी मोबाइलवरून फ्लॉपी वाचायचं एक नवं यंत्र मागवलं. ते आलं तळहाताएवढं. ते नंतरच्या लहान फ्लॉप्यांसाठी होतं. माझी मोठी फ्लॉपी त्याच्या फटीपुढे धरली तर मांजराच्या तोंडापुढे भाकरी धरल्यासारखं दिसायला लागलं. म्हणजे मोठ्या फटीचा माझा जुना ड्राइव्हच, फ्लॉपी वाचणारा तो भागच, हवा होता.

तो माळ्यावर, जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होता. कॉम्प्युटर खाली काढला आणि उघडला. मुख्य पाटीवर बॅटरी फुटून हिरवा थर साचला होता आणि एका कोपऱ्यात उंदरांनी संसार करून सोडला होता. तो मेलेलाच होता. पण ड्राइव्ह धडधाकट दिसत होता. फक्त त्याच्या फटीत फ्लॉपी अर्ध्याच्या पुढे जात नव्हती. स्क्रू काढून मी वरचं झाकण उघडलं.

आत आपट्याची पानं होती. वाळून तपकिरी झालेली, एकावर एक चिकटलेली. अकरा पानं. त्यांच्याबरोबर अक्षता, हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा.

मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "हं. आहे की सोनं अजून."

"हे आत कसं गेलं?"

"दसऱ्याला तुमच्या अवजारांची पूजा मीच करते ना? तुम्ही पान्याला, हातोडीला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायला सांगायचात. मग सोनं द्यायचं तर हातात द्यायला हवं. याला हात कुठे होता? तोंड होतं. मग भरवायची."

"अकरा वर्षं?"

"एखादं वर्ष चुकलं असेल."

आता माझी अडचण अशी की तो ड्राइव्ह बंद पडला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की लोडशेडिंगमुळे जळला. वीज खात्याच्या नावाने मी वर्षानुवर्षं बोटं मोडली होती. रेकॉर्ड दुरुस्त करतोच आहे तर हेही करतो: वीज खात्याचा यात काही संबंध नव्हता. आमच्या घरचा दसरा होता.

मी चिमट्याने पानं काढली. आतल्या लोखंडी दांड्यांना शिवणयंत्राचं तेल दिलं. वाचणाऱ्या टोकावर धूळ होती, ती पुसायला मऊ कापूस हवा होता. बायकोने देवघरातून दोन फुलवाती आणून दिल्या. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फुलवातीने मी ड्राइव्हचं तोंड आतून पुसत होतो आणि ती मागे उभी राहून म्हणत होती, "पेटवू नका म्हणजे झालं."

आता हा ड्राइव्ह लावायला दुसरा कॉम्प्युटर हवा होता. आजच्या कॉम्प्युटरला हा जोडायची जागाच नसते. फार जुना नको, फार नवा नको, मधल्या काळातला हवा. ड्राइव्ह पिशवीत घालून मी जुन्या बाजारात गेलो. तिथं एका दुकानात कॉम्प्युटर एकावर एक रचून ठेवलेले होते आणि त्यांच्यामागे दुकानदार पान खात बसला होता.

"चच्चा, ये क्या उठा के लाए?" त्याने ड्राइव्ह हातात घेऊन फिरवला. "ये तो मेरे अब्बा के टैम का है."

"याला लावायला कॉम्प्युटर पाहिजे."

त्याने मला नीट न्याहाळलं. "उल्टा धंदा है तुमारा. लोगां कॉम्प्युटर लेके आते, पुर्जा मांगते. तुम पुर्जा लेके आए, कॉम्प्युटर मांग रै."

"भाचीचं लग्न आहे."

"तो कॉम्प्युटर देते क्या आहेर में?"

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तो दोनदा पान थुंकायला उठला आणि दोन्ही वेळा पटकन परत आला. मग त्याने ढिगाच्या तळातून एक कॉम्प्युटर ओढून काढला, त्याला चौतीस टाचण्यांची ती जुनी जागा आहे हे बोट लावून दाखवलं, आणि वर एक जाडजूड मॉनिटरही दिला. "इसमें सब हरा दिखता. मगर लड़की का काम है, ले जाओ. आके बताना जरूर, क्या हुआ."

घरी आल्यावर कळलं की ड्राइव्ह या कॉम्प्युटरच्या पेटीत बसत नाही. मग तो बाहेरच ठेवायचा ठरवला. खाली लाकूड हवं, म्हणून पोळपाट घेतला. पोळपाटावर ड्राइव्ह, त्यातून निघालेली चपटी करडी पट्टी थेट कॉम्प्युटरच्या पोटात. दवाखान्यात एकाने दुसऱ्याला रक्त द्यावं तसं ते दिसत होतं. बटण दाबलं आणि ड्राइव्हवरचा लाल दिवा लागला.

"लागला की!" बायको म्हणाली. "द्या आता पोळपाट."

"लागला पण विझत नाही. म्हणजे पट्टी उलटी बसलीय. तो लागून विझायला पाहिजे."

"कसलं मेलं यंत्र. दिवा लागला की बिघडलं म्हणे."

पट्टी सुलटी केली. दिवा लागला, विझला, आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा तो सुपारी कातरल्याचा आवाज आला. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. कॉम्प्युटरला आत एके ठिकाणी सांगावं लागलं की तुझ्याकडे मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह आला आहे. त्याने फारशी कुरकुर न करता मानलं. फ्लॉपी घातली तर पडद्यावर नावांची यादी आली. शेवटची दोन नावं बहिणीची होती, पुढे एक आणि दोन. मी पुढे काही उघडलं नाही. एवढी जुनी फ्लॉपी किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नव्हता, आणि मला ती दाजींच्या डोळ्यांदेखत उघडायची होती. हा माझा शहाणपणा पुढे मला चांगलाच नडला.

उत्तर द्यायचा रविवार आला. दाजी, बहीण आणि भाची दुपारी जेवायला आले. दाजींनी गुळाची ढेप आणली होती. जेवण झाल्यावर मी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"मेव्हणे, पोळपाटावर काय लाटताय?"

"तुमचा कागद."

मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. पहिली जुळणी म्हणजे खरी असणार, साधा हिशेब. ड्राइव्ह कातरत राहिला आणि हिरव्या पडद्यावर अक्षरं उमटली. जन्मवेळ सायंकाळी सहा चाळीस. गुण एकतीस.

दाजी उठून उभे राहिले. "हे बघा! अहो, हेच दाखवायला बोलावलं व्हय? फोनवर सांगायचं ना." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पडद्याचा फोटो घेतला. मग पोळपाट दिसेल असा दुसरा घेतला. भाची माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडद्यासारखाच हिरवा झाला होता. माझा खोटेपणा बत्तीस वर्षांनी उठून माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता, तीही माझ्याच खर्चाने, माझ्याच पोळपाटावर.

"थांबा," मी म्हणालो. "दुसरी बघा."

दुसरं नाव उघडायला लावलं. ड्राइव्ह कातरला, अडखळला, पुन्हा कातरला. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: वाचता येत नाही. खाली तीन पर्याय. थांबवायचं, परत प्रयत्न करायचा, की हार मानायची?

"काय म्हणतोय?" दाजींनी विचारलं. मी सांगितलं. "मग थांबवा की. तो स्वतःच म्हणतोय थांबवा."

मी परत प्रयत्न केला. तीच ओळ. पुन्हा केला. तीच. पाचव्यांदा मी बटणावरून हात काढला. मी भाचीला म्हणालो, "बाळ, मी चुकलो. हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं."

तोपर्यंत बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. "काय विचारतोय तो?"

मी तिलाही सांगितलं.

"परत प्रयत्न करायचं बटण कुठलं?"

मी दाखवलं. तिने मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि बटण दाबायला लागली. ओळ आली की दाबायचं. ओळ आली की दाबायचं.

"अगं, यंत्र जळेल," दाजी म्हणाले.

"बत्तीस वर्षं तुम्हाला सांगते, चपला बाहेर काढा. तुम्ही ऐकलंत? मी थांबले? हे तर नुसतं बटण आहे."

"मी आज बाहेरच काढल्यात."

"आज पाहुण्याच्या घरी आहात."

बहुधा चौदाव्यांदा असेल. ड्राइव्हने एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि पडदा अक्षरांनी भरला. जन्मवेळ सकाळी सहा चाळीस. एकूण गुण साडेनऊ. खाली शेरा: विवाहास अयोग्य.

बहीणच आधी म्हणाली, "मला वाटायचंच. आई म्हणायची, कोंबडं आरवत होतं. कोंबडं काय दिवे लावताना आरवतं?"

दाजींनी चष्मा लावला आणि कचेरीत अर्ज तपासावा तसं वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मला यादी परत दाखवायला सांगितली. यादीत प्रत्येक नावापुढे ते साठवल्याची वेळ असते, हे माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं, आणि तो प्रोग्राम नव्या जुळणीला एक नंबर देऊन जुनीला दोन करायचा, हेही नाही. दाजींनी ती बरोबर पकडली.

"साडेनऊ आधीचे. एकतीस त्याच्यानंतर अकरा मिनिटांनी." ते माझ्याकडे वळले. "अकरा मिनिटांत माझे साडेएकवीस गुण वाढले? का केलंत, मेव्हणे?"

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. माझं अडलेलं लग्न, दिवाळीची मुदत, पाचोडचं स्थळ, त्या दोन मोसंब्या. "तुमच्या लग्नासाठी नाही केलं, दाजी. माझ्या लग्नासाठी केलं."

दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"अहो, पाचोडचं कुठलं स्थळ? तुम्ही हलत नव्हता म्हणून मी म्हटलं होतं."

"आणि मोसंब्या?"

"शहागंजातून आणल्या होत्या."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप मी दोन विकतच्या मोसंब्यांना घाबरून केलं होतं.

दाजी मात्र आमच्याकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत हळूहळू ताठ होत होते. "म्हणजे," ते बहिणीला म्हणाले, "आपण बत्तीस वर्षं साडेनऊवर काढली?"

"व्हय."

"साडेनऊवर तर माणसं वर्षभर टिकत नाहीत."

"नाहीत."

"मग उरलेले साडेसव्वीस?"

"ते मी भरले."

"एकटीनं?"

बहिणीने थोडा विचार केला. "बरं. साडेतीन तुमचे."

दाजींनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग भाचीकडे वळले. "तुझे किती म्हणालीस?"

"साडेअकरा."

"आमच्याहून दोन जास्त." त्यांनी हे स्वतःशीच दोनदा म्हटलं आणि तिथंच उभ्या उभ्या मुलाच्या वडिलांना फोन लावला. "नमस्कार. आता कागद बघितला. आमचे साडेनऊ होते आणि यांचे साडेअकरा आहेत, तर आमच्याकडून काही हरकत नाही. नाय नाय, गुण. पत्रिकेचे गुण." थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "ते म्हणतात, आम्ही पत्रिका बघतच नाही. तुम्ही दोन आठवडे कशाला थांबला होता?"

भाची उठून बापाच्या गळ्यात पडली आणि मग माझ्या. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी अजून फिरत होती. मी ती काढली. पुन्हा घालून पाहिली तेव्हा काहीच वाचलं गेलं नाही, एकही नाव नाही. पण दाजींनी तेवढ्यात साडेनऊचाही फोटो काढून घेतला होता. ती फ्लॉपी बायकोने पैठणीत परत घातली. जुन्या बाजारातल्या त्या दुकानदारालाही मी जाऊन सांगून आलो. त्याने लगेच शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावलं आणि मला पहिल्यापासून परत सांगायला लावलं.

घरी आईच्या फोटोसमोर उभं राहून मी म्हणालो, "सकाळीच होती." शेजारच्या वडिलांच्या फोटोला काही बोललो नाही. ते कॉम्प्युटरच्याच बाजूने बोलले असते.

लग्न गेल्या महिन्यात झालं. हळदीपासून पंगतीपर्यंत दाजी भेटेल त्याला विचारत होते, "तुमचे किती?" समोरचा बावीस म्हणाला की हे मान डोलवून म्हणायचे, "सोपं गेलं असेल. आमचे साडेनऊ." मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी मी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो. गुरुजींनी मुहूर्ताला किती मिनिटं उरली ते विचारलं आणि मी मनगट वर केलं. समोरून दाजींनी हात पुढे केला.

"मेव्हणे, तुम्ही नुसते उभे राहा. घड्याळ इकडं द्या."

मी काढून दिलं.